विहीणबाईंचा अंदाज

माझी विहीण कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी चौथी पास. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मुलाच्या लग्नाच्या बोलणीत ती माझ्याशी ‘आपण’ म्हणून बोलली आणि ते तिनं पुढे कधीच सोडलं नाही. समोरचं माणूस इतकं सभ्य असलं की भांडायला जागा मिळत नाही. आम्ही सहकारनगरला, ती एरंडवण्यात. माझे यजमान स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक होते, तिचे बँकेत मोठे साहेब. निवृत्त झाल्यावरही ती स्कूटी चालवायची. तोंडाला कॉलेजातल्या पोरींसारखा स्कार्फ बांधून साठीतली ही बाई आमच्या गेटपाशी उतरायची, तेव्हा वॉचमन उठून उभा राहायचा. मी दोन बस बदलून तिच्याकडे जायचे तेव्हा माझ्यासाठी कोणी उठत नसे. मला ते दिसायचं आणि सलायचं. मी काही साधुसंत नाही.

नात मात्र माझ्याकडे वाढली. मुलगा पिंपरीला कारखान्यात, सून बँकेत. दोघं सकाळी आठला बाहेर पडायचे. पोरीची शी-शू, कांजिण्या, शाळेचे डबे, उवा, पहिली पाळी, सगळं मी निभावलं. विहीण रविवारी यायची. येताना कधी भिंग आणायची, कधी लोहचुंबक. पोर आठवडाभर तिची वाट बघायची. जी रोज समोर असते तिची वाट कोण बघणार?

पोरगी इंजिनिअर झाली. हिंजवडीच्या एका कंपनीनं कॉलेजात येऊनच तिला नोकरी दिली. मला ते फार बरं वाटलं. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर येणार होती. सकाळी डबा, संध्याकाळी चहा, सगळं होतं तसंच चालणार होतं. पण महिन्याभरात ती म्हणाली, मला अमेरिकेत एमएस करायचंय. तेव्हा पुण्यात प्रत्येक बिल्डिंगमधलं एखादं तरी पोर तिकडे निघालेलं असायचं. आमच्या बिल्डिंगमधून अजून कोणी गेलं नव्हतं.

मग विहीण रोज यायला लागली. तिच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं तिकडे होती. कोणाला कुठे प्रवेश मिळतो आणि कोणाला नाही, हे ती ओळखते अशी तिची ख्याती होती. लांबलांबचे लोक तिला विचारायला येत. आता ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्या नातीचं मोजमाप करू लागली.

“तीन प्रकार करायचे,” ती म्हणाली. “सेफ म्हणजे नक्की घेतील. मॉडरेट म्हणजे घेतीलही, नाहीही. अँबिशस म्हणजे देवाची इच्छा.”

“आपला देवावर विश्वास आहे होय?” मी ओट्यापासून विचारलं. तिला देवळात गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“प्रवेश समितीपुरता आहे, विहीणबाई.”

सगळे हसले. नातही हसली. माझी पोळी करपली.

परीक्षेचे गुण, कॉलेजचे टक्के, सरांची शिफारसपत्रं, प्रोजेक्ट असं सगळं धरून ती अंदाज सांगायची. इथे होईल, इथे पन्नास टक्के, इथे कठीण. आवाज अगदी सरळ, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त दे म्हणावं तसा. माझा मुलगा मान डोलवत ऐकायचा. मी काही सांगितलं की त्याला पेपर वाचायचा असतो.

अर्जासोबत एक निबंध पाठवायचा होता. मी कोण, मला हे का शिकायचंय, असं काहीतरी. विहीण आणि नात बरेच दिवस त्यावर बसल्या होत्या. एका दुपारी पोरगी एकटी असताना मी म्हटलं, “वाच की मलाही. मराठीत सांग.”

तिनं सांगितलं. लहानपणी आजीनं बादलीतल्या पाण्यात आरसा धरून भिंतीवर सात रंग पाडून दाखवले, तेव्हा हे कसं होतं याची ओढ लागली. पुढे आजीनं जुना रेडिओ उघडून दिला. असं बरंच. दोन्ही ठिकाणी आजी म्हणजे एरंडवण्याची.

“बादली कोणाची होती?” मी विचारलं.

“काय?”

“सात रंग आपल्या मोरीत पडले ना? मग बादलीत पाणी मी भरून दिलं होतं.”

“आजी, तू पण ना!” ती हसली. “असं नसतं गं यात लिहायचं. अभ्यासाशी संबंध लागतो.”

मी उठून भाजी निवडायला घेतली. तिनं मनाला लावून घेतलं नाही, मी घेतलं.

आता खरं सांगते. पोरगी कुठेच जाऊ नये असं मला वाटत होतं. पण जाणार हे दिसतच होतं, चार जागी अर्ज गेलेच होते. एका जागेवरून मात्र वाद झाला. तिला एका फार नावाजलेल्या विद्यापीठात अर्ज करायचा होता. त्याचं नाव घेताना तिचा आवाज बारीक व्हायचा, लहानपणी महागातली बाहुली मागताना व्हायचा तसा.

विहिणीनं चष्मा काढला. “नाही होणार, बाळा.”

“आजी, पण...”

“तिथं आपल्याकडून एखादा जातो. तो विद्यापीठात पहिला आलेला असतो. तू पहिली नाहीस. चांगली आहेस, पण पहिली नाहीस. नकार आला की तू महिनाभर खचशील. मी मुलं पाहिली आहेत.”

पोरीनं खाली बघितलं. टेबलावरचा साखरेचा दाणा बोटानं दाबत राहिली. मुलगा म्हणाला, “आईंना यातलं कळतं. आणि अर्जाची फीपण कमी नाही.” सासूला तो आई म्हणतो. मलाही आईच म्हणतो, पण मला कळतं असं म्हणत नाही.

“भर गं,” मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या विद्यापीठाचं नावसुद्धा नीट घेता येत नव्हतं. पोरीची लायकी किती हे मला माहीत नव्हतं, कळण्यासारखंही नव्हतं. मला फक्त एवढं हवं होतं की या बाईचा अंदाज एकदा तरी चुकावा, आणि माझ्या पोरीच्या बाबतीत चुकावा.

“विहीणबाई, आपण तिच्या मनाला उगाच...” ती म्हणाली.

“नाही घेतलं तर रडेल. माझ्या मांडीवर पुष्कळ रडलीये ती. भर तू.”

“आई, फी...” मुलगा म्हणाला.

“तुझ्या गाडीला नवी सीट कव्हरं घातलीस त्याहून जास्त आहे का?”

त्यानं पेपर उघडला. पोरीनं त्याच आठवड्यात पाचवा अर्ज पाठवला. विहिणीनं निबंध पुन्हा नीट करून दिला, हेही सांगायला हवं. नाही होणार म्हणाली तरी कामात कुचराई केली नाही. त्याचाही मला राग आला.

मग उत्तरं यायला लागली. तेव्हा फोनच्या तारेवरूनच इंटरनेट चालायचं. पोरगी कॉम्प्युटर लावून बसली की घरचा फोन बंद. विहिणीला फोन लागायचा नाही, हे मला मनातून आवडायचं. पहिलं उत्तर आलं, घेतलं. विहीण म्हणाली होती तसंच. दुसरं, घेतलं. तेही तसंच. तिसऱ्यानं नाकारलं, त्यालाही ती कठीण म्हणालीच होती. पोरगी हिरमुसली तर विहीण म्हणाली, “मी सांगितलं होतं ना, हे होण्यासारखं नाही.” चौथ्याला तिनं पन्नास टक्के दिले होते, त्यांनी वेटिंगवर ठेवलं. आता याला काय म्हणायचं? देवळात न जाणाऱ्या बाईला इतकं कसं कळत होतं?

शेवटचं उत्तर यायचं राहिलं तेव्हा माझी झोप उडाली. पोरीसाठी नाही. नकार आला तर विहीण काही बोलणार नव्हती, फक्त माझ्याकडे बघून चहा पिणार होती. तो चहा मला डोळ्यांपुढे दिसत होता.

उत्तर सकाळी आलं. मी देवाला फुलं वाहत होते. आतून पोरीचा असा आवाज आला की मला वाटलं शॉक बसला. बाहेर आली ती नाचतच. मुलगा, सून, शेजारचे, सगळे गोळा झाले. पोरीनं मला मिठी मारली, पण पळतच. तिला फोनकडे जायचं होतं. इंटरनेटची तार काढून तिनं एरंडवण्याला फोन लावला.

“आजी, झालं! त्यांनी घेतलं! तुझ्यामुळे, आजी!”

मी हातातली फुलं देवावर टाकली. टाकलीच म्हणायची, वाहिली नाहीत. भर म्हणाले होते मी. सगळ्यांच्या देखत म्हणाले होते. पण मुलगा शेजाऱ्यांना सांगत होता, “सासूबाईंचं मार्गदर्शन, दुसरं काय!” आता मी तोंड उघडून आठवण करून दिली असती तर म्हातारी मोठेपणा मागतेय असं झालं असतं. मी पेढे आणायला पैसे काढले. पण मनात ठेवणं मला जमत नाही. संध्याकाळी विहीण आली की काहीतरी टोचून बोलायचं, असं ठरवून मी दिवसभर वाक्यं जुळवत होते. “काय विहीणबाई, हिशेब चुकला वाटतं?” हे त्यातल्या त्यात बरं जमलं होतं.

संध्याकाळी ती आली. घरात दहाबारा माणसं होती. तिनं चपला काढल्या, पोरीला जवळ घेतलं आणि मग सगळ्यांकडे वळून, वर्गात बोलावं तशी म्हणाली, “माझा अंदाज साफ चुकला. मी अर्ज करू नको म्हणाले होते. माझं ऐकलं असतं तर हा प्रवेश हिला मिळालाच नसता.” आणि माझ्याकडे हात केला. “या म्हणाल्या, भर. श्रेय यांचं आहे. मी पुरावा बघत होते, यांनी पोरगी बघितली.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा “अरे हो की!” म्हणाला. पोरीनं येऊन गळ्यात हात टाकले, या वेळी पळत नाही, चांगली थांबली. “आजी, खरंच की गं. तू म्हणालीस म्हणून.”

सकाळपासून मला हेच ऐकायचं होतं. आणि ते ऐकताना मी खांद्यावरून बघत होते विहिणीकडे. ती चष्मा पुसत उभी होती, शांत. वाईट वाटलेलं नाही, नाटकही नाही. मला ते तिच्याकडून हिसकावून घ्यायचं होतं. तिनं आपणहून दिलं, तेही इतक्या छान शब्दांत की आता लोक तिचंच कौतुक करत होते. “केवढा मोठेपणा बाईंचा,” शेजारीण म्हणालीच. आणि मी पोरगी बघितली होती, हेही खोटं होतं. मी तर विहीण बघितली होती. पण हे कोणाला सांगणार?

“बसा, चहा टाकते,” मी म्हणाले.

“मी येते मदतीला,” ती म्हणाली.

“नको. आपण बसा.”

मी आत गेले आणि चहा उकळून उतू जाईपर्यंत बाहेर आले नाही.