कडी आतली की बाहेरची

मशीन जोडलं जात नाही अशी तक्रार घेऊन कुणी गेलं, की आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गायकवाड मॅडम आधी हातातला चहा संपवायच्या आणि मग विचारायच्या, "कडी आतनं हाय का भायरनं?" नव्या माणसाला वाटायचं, बाई संडासाबद्दल विचारतायत.

आमचा चादरींचा कारखाना सोलापुरात, पण डिझाइनचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, क्लाउडवर, कुठल्या तरी लांबच्या इमारतीत. इथल्या स्क्रीनवर रिमोट डेस्कटॉप उघडून त्यावर काम करायचं. मॅडमच्या लेखी ते एक घर होतं. कुणाला आत सोडायचं याचे क्लाउड कंपनीच्या वेबपानावरचे नियम ही बाहेरची कडी, मशीनमधला तसाच पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, ही आतली.

एकदा मालक अण्णांनी सुरक्षिततेवरचा एक व्हिडिओ पाहिला आणि रिमोट डेस्कटॉपमधूनच फायरवॉलमध्ये जाऊन बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना बंदी घातली. त्या सगळ्यांत ते स्वतःही आले. स्क्रीन जागच्या जागी बंद पडली. दुपारी गिऱ्हाइकाला नवं डिझाइन दाखवायचं होतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. व्हायरस शिरला असणार, हे मशीन पुसून नवीन घेऊ, म्हणत अण्णा माऊसकडे वळले. मॅडमनी माऊसच उचलून घेतला.

"अण्णा, कडी लागलीय. घर जळलेलं न्हाय."

मग त्यांनी शांतपणे बघितलं. मशीन चालू होतं, बाहेरची कडी उघडी होती. "म्हंजे आतनं कडी लावून तुमी भायर आलाय," त्या म्हणाल्या, "लई अवघड काम केलंय की." कंपनीच्या पानावरून मशीनला थेट हुकूम पाठवायची सोय असते, तिला मॅडम मागचं दार म्हणत. तिथून त्यांनी एक ओळ आत पाठवली, आतली कडी निघाली, आणि डिझाइन जसंच्या तसं समोर आलं. अण्णांनी सगळ्यांसाठी भजी मागवली.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा मला ऑफिसात अगदी पोरकं वाटलं. थोड्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. वाऱ्यानं लॅचचं दार लागलं होतं, किल्ली आत आणि मॅडम बाहेर. अशी संधी कोण सोडणार? मी म्हटलं, "मॅडम, कडी लागलीय. घर जळलेलं नाही."



"व्हय, आजून तरी न्हाय. पर कुकर ग्यासवर हाय, आन मागच्या खिडकीला माजा हात पोचंना. या की लवकर."

मागच्या खिडकीतून आत जाऊन मी दार उघडलं. घर वाचलं, भात करपला. वरचा वरचा काढून आम्ही दोघांनी तोच खाल्ला.