जीपवाल्या मावशी

पनवेलला पेट्रोल पंपाशेजारी गाड्यांचा धूर तपासतात, तिथे मी स्कूटर घेऊन उभा होतो. माझ्यापुढे एक जुनी डिझेल जीप होती. ती चालवणाऱ्या मावशी साठीच्या असतील. नेऱ्याकडच्या डोंगरवाड्यांवरून आजारी माणसं आणि अडलेल्या बायका याच जीपमधून दवाखान्यात आणते, असं त्यांनी मला सांगितलं. बोलताना त्यांचा हात बॉनेटवरून असा फिरत होता, जणू ती दावणीची म्हैसच.

जीप नापास झाली. "मावशी, इंजिन संपलंय. आता भंगारातच द्या," तपासणारा चाचरत म्हणाला.

मागचा रिक्षावाला हळूच पुढे झाला. "प्रमाणपत्र मिळतं हो. माझी ओळख आहे."

मावशींनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "हिच्यात आमच्या वाडीची किती पोरं जन्मली, बाबा. आता त्यांनाच हिचा धूर खायला घालू काय?"

त्या जीपमध्ये चढल्या खऱ्या, पण बराच वेळ त्यांनी चावी फिरवली नाही.

काही महिन्यांनी त्या दवाखान्याच्या दारात दिसल्या. सीएनजीवरची जुनीच व्हॅन घेतली होती. गाडी कशी आहे, मी विचारलं.

"गाडी बरी हाय, पण आवाज करत नाय. जीप घाटात धडधडली की लोक आजाऱ्याला उचलून रस्त्यावर आणून ठेवायचे. आता त्यांना कळतच नाय मी आलेली."

"मग काय करता?"

"वरडते!" त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी अशी हाळी दिली की दवाखान्यातली नर्स धावत बाहेर आली.