कोरस पेडलमधला दुसरा गिटारवाला

आधीच सांगतो, मी इथे नियमित वाचतो पण लिहितोय पहिल्यांदाच. आणि वाचतानाही निम्म्या अनुभवांवर मनातल्या मनात हसणारा मी. आयटीआय केलेला माणूस आहे... टीव्ही, अँप्लिफायर, मिक्सर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. आवाज आला म्हणजे कुठेतरी करंट आहे, वायर आहे, लूज कनेक्शन आहे, एवढंच मला माहीत. घरात वडिलांनी भूतखेत, अंगात येणं, नवस यातलं काही कधी शिरू दिलं नाही. त्यामुळे पुढचं लिहिताना थोडी लाजच वाटतेय. पण जे झालं ते झालं, आणि ते पाहणारा मी एकटा नव्हतो.

साल २००६ च्या आसपास. मी भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहायचो. दिवसा दुरुस्तीचं दुकान आणि सिझनला सुभाषदादांच्या ऑर्केस्ट्रात गिटार. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, लग्नसराईत आगरी गावांतल्या हळदी. सुभाषदादा गायचे, पार्टी त्यांचीच. कीबोर्डवर अस्लम. गिटार मात्र दोन होत्या — एक मी आणि दुसरा जवळच्या अंजूर गावचा हरेश.

हरेश माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आम्ही दोघं एकच कॉर्ड एकाच वेळी वाजवायचो, पण हरेश केसभर मागून यायचा. लहानपणी त्याची करंगळी मोडली होती, ती तिसऱ्या तारेवर जरा जोरात दाबली जायची आणि सूर किंचित चढा लागायचा. ऐकणाऱ्याला हे कळायचं नाही, फक्त गिटारचा आवाज रुंद वाटायचा. ओळ संपली की तो त्याच करंगळीने तार खेचून एक छोटी हरकत, सुरांची लहानशी नक्षी, घ्यायचा. तशी हरकत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही.

हरेश दिवसा काल्हेरला गोडाऊनमध्ये कामाला होता. त्या वर्षी ट्रकवरचा दोर तुटला आणि माल त्याच्या डाव्या हातावर आला. चार बोटं चेचली. ऑपरेशन झालं, सळ्या घातल्या, प्लास्टर... गिटारचा विषयच संपला.

सुभाषदादा म्हणाले, दुसरा माणूस बघ, नाहीतर आवाज भरायची काहीतरी सोय कर. मी सोय केली. मुंबईहून एक सेकंडहँड कोरस पेडल आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — हा पायाने दाबायचा एक छोटा डबा असतो. गिटारचा आवाज त्यात गेला की त्याचे दोन भाग होतात. एक सरळ पुढे जातो, दुसरा सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा थांबतो, त्याचा सूर हलकेच वरखाली डुलतो, आणि मग दोन्ही एकत्र बाहेर येतात. एका गिटारच्या दोन वाटतात. डेप्थचं बटण कमी ठेवून, सुट्या तारा छेडत संथ गाणं वाजवावं, फार गोड लागतं. जास्त फिरवलं तर गाणं दारू पिऊन आल्यासारखं झुलतं.

थोडं मागून येणारा आणि किंचित चढा सूर... म्हणजे हरेशच. मी त्याच्या जागी डबा आणला होता, आणि हे त्याला सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांत त्याला भेटायलाही गेलो नव्हतो. काय तोंड घेऊन जाणार?

तो शुक्रवार होता. शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून अस्लमच्या मामाच्या कारखान्यावरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस व्हायची. इतर दिवशी त्या खटखटीत स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. दुपारी तीनला आम्ही बसलो. सुभाषदादांनी हळदीसाठी एक नवीन चाल बांधली होती, आदल्या संध्याकाळी. ती आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. पेडल लावून मी कॉर्ड धरत गेलो. तिसऱ्या ओळीला दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा ओळ बरोबर आली, मी शेवटची कॉर्ड वाजवून हात उचलला...

आणि अँप्लिफायरमधून हरेशची हरकत आली.

तीच. करंगळीने खेचलेली, किंचित चढी.

मी अस्लमकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात कीबोर्डच्या वर हवेत होते. म्हणाला, "मैंने हाथ नहीं लगाया, भाई."

सुभाषदादांना वाटलं मीच वाजवलं. छान आहे, ठेव, म्हणाले. मी दोन्ही तळवे तारांवर दाबून धरले. सगळ्या तारा मुक्या केल्या. तरी अँप्लिफायरमधून तीच तिसरी ओळ पुन्हा वाजत होती, मी जिथे चुकत होतो तिथे न चुकता. मी पायाने पेडल बंद केलं. आवाज थांबला. चालू केलं — पुन्हा सुरू. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. तेच.

माझं डोकं अजून वायरमध्येच होतं. रेडिओ पकडत असेल, अर्थिंग असेल... पण कालच बांधलेली चाल कोणता रेडिओ वाजवणार? गिटार स्टँडला लावली आणि बाजूला झालो. आता गिटारला कोणाचाही हात नव्हता, आणि हलक्या आवाजात वाजणं चालूच होतं. सुभाषदादा सरळ जिना उतरून गेले. मागोमाग आम्हीही. अस्लमने दाराला कुलूप लावलं.

खाली रस्त्यावर आल्यावर माझ्या मनात एकच आलं, जे अशा वेळी कोणाच्याही मनात येईल. हरेशच्या मोबाईलवर फोन लावला, उचलला नाही. तीनदा लावला. मग शेअर रिक्षा पकडली. अंजूर येईपर्यंत मी त्याच्या दारात माणसं जमलेली बघत होतो... डोळ्यांसमोर, मनात.

दारात कोणी नव्हतं. हरेश ओट्यावर बसून चहा पीत होता. प्लास्टरमधला हात मांडीवर.

त्याने मला बघितलं, काही नवल नाही दाखवलं. दोन महिन्यांनी आलो होतो, त्याबद्दलही अवाक्षर नाही. म्हणाला,

"आयलास? मना दोन वेळा बंद कशाला केलास?"

पेडलबद्दल त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि मी ते दोनदा बंद केलं, हे बघायला खोलीत तिघंच होतो.

त्याची आई पाणी घेऊन आली. त्या सांगू लागल्या की दोन महिने ठणक्यामुळे पोराला दुपारची झोप नव्हती. आज जेवून गोळी घेतली आणि इतका शांत झोपला, की फोन वाजला तरी त्यांनी उठवलं नाही.

मग हरेशने सांगितलं ते असं. झोप लागली आणि तो आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत होता, नेहमीच्या जागी, माझ्या डाव्या बाजूला. हात ठीक, बोटं चालत होती. काहीतरी नवीन गाणं होतं. मी पुढे जायचो, तो मागून यायचा. मी तिसऱ्या ओळीला चुकत होतो, म्हणून ती त्याने वाजवून दाखवली. मग एकदम सगळं काळं. परत उजेड. परत काळं. परत उजेड. एवढं सांगून त्याने ती चाल गुणगुणली. सुभाषदादांची, कालची, अख्खी.

मी ओट्यावर बसलो आणि त्याला सगळं सांगून टाकलं. पेडल आणल्याचं, कशासाठी आणलं ते, इतके दिवस का आलो नाही ते.

"म्हंजे माझे जागेव डबा ठेवलास."

"हो."

"कंच्या रंगाचा?"

"निळा."

त्याला हसू आलं. मला रडू येत होतं. मग तो सहज बोलून गेला, "बरा वाटतंय आज. जागा झालो तरी अजून वाजतंय." त्याने हात पुढे केला. प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटांची टोकं हलत होती. डॉक्टरांनी जी महिनाभर तरी हलणार नाहीत म्हणून सांगितलं होतं, ती. अगदी थोडी, पण तालात. आणि त्याला दुखत नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं... पेडल चालूच राहिलंय. गिटारची वायर त्यात तशीच, अँप्लिफायर चालू, दाराला कुलूप. आणि पेडल बॅटरीवर होतं. वायर आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते, आणि ती बॅटरी मी चार प्रॅक्टिसआधी घातली होती. ती आता कधीही संपणार होती.

मी हे बोललो तेव्हा पहिल्यांदा हरेशचा चेहरा उतरला. अंधार त्याला नको होता. खरं तर तो एकाएकी येणं नको होतं. मी म्हटलं, जाऊन नवीन बॅटरी घालतो, पण ती बदलतानाही पेडल क्षणभर बंद होणारच होतं. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला. मग म्हणाला,

"जा, बंद कर. पन मना सांगून कर."

परत येताना अंजूर फाट्याला ट्रकची रांग लागली होती. पोहोचेपर्यंत सात वाजून गेले. अस्लमला घरून घेतलं. त्याने कुलूप काढलं, पण आत आला नाही, उंबऱ्यातच थांबला. खोलीत लाईट लावायच्या आधीच ऐकू येत होतं. वाजत होतं, पण सूर खाली बसलेला, थकल्यासारखा, मध्येच खरखर. पेडलचा लाल दिवा विझत आलेला. गिटार स्टँडवर, मी ठेवली होती तशीच. मी जवळ जाऊन बघितलं. तारा स्थिर होत्या. एकही तार हलत नव्हती.

अस्लम दारातून हळू आवाजात दुआ म्हणत होता. मी हरेशला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हरेश, बंद करतोय."

"थांब. येवढी ओळ घेवदे."

मोबाईल कानाला, आणि समोर अँप्लिफायरमधून ती ओळ. तिसरी ओळ. संपली. शेवटी त्याची हरकत आली, तार खेचलेली, आणि बराच वेळ सूर धरून ठेवलेला. तो विरत गेला तेव्हा फोनवर तो म्हणाला, "हं."

मी पेडलवर पाय ठेवला.

खोलीत एकदम शांत. फोनवरही शांत... श्वाससुद्धा नाही. मी दोन-तीन हाका मारल्या. मागून त्याच्या आईचा आवाज आला, घाबरलेला. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मला फार वाटला. मग एक मोठा श्वास, आणि तो कण्हला.

"हाय मी. हात लय दुखतंय, मिलिंद."

मी खाली फरशीवर बसलो. अस्लम आत आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेडल उघडलं. सगळा सर्किट बोर्ड तपासला. जे असायला हवं तेच होतं. त्यात आवाज साठवून ठेवायची सोयच नसते, सेकंदाच्या हजाराव्या भागांपलीकडे त्याला काही आठवत नाही. नवीन बॅटरी घालून वाजवलं, रोजच्यासारखं गोड वाजलं. तारांवर तळवे ठेवले की गप्प. नंतरच्या रविवारी मी ते हरेशच्या घरी नेलं, त्याच्यासमोर वाजवलं. त्याने नीट ऐकलं आणि म्हणाला, चांगला हाय, पन ह्यो कोनीच न्हाय.

सुभाषदादा आजही म्हणतात की तो अस्लमच्या कीबोर्डचा घोळ होता. अस्लम या विषयावर बोलत नाही. हरेशची दोन बोटं कधीच सरळ झाली नाहीत. पुढे तो आमच्याच पार्टीत साऊंड सांभाळू लागला, आणि त्याच्यासारखा कान असलेला साऊंडवाला आमच्या पट्ट्यात नाही. मी दर आठवड्याला त्याच्याकडे जायला लागलो, ते अजून सुटलेलं नाही.

याचं स्पष्टीकरण मी पुष्कळ शोधलं. गोळ्यांची गुंगी म्हणावी तर चाल त्याला कशी कळली? आणि आम्ही तिघांनी काय ऐकलं? मला माहीत नाही. फक्त एकदा, बऱ्याच वर्षांनी, दोघंच बसलो असताना मी त्याला विचारलं, की पेडल बंद झाल्यावर जो अंधार व्हायचा त्यात काय होतं. त्याने आधी उत्तर टाळलं. मग म्हणाला,

"काय दिसायचा न्हाय. पन मी यकटा नव्हतो. लय जना व्हती तिथं, वाट बघत."

कोण, कशाची, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यानेही पुन्हा कधी सांगितलं नाही.