उजव्या कुशीवर वळलं की घर फिरायचं

आधीच सांगते, मी नागपूरच्या आंबेडकरी घरातली. भूतखेत, अंगात येणं असलं कुणी बोललं की बाबा प्रश्न विचारून विचारून त्याची पार वाट लावायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आमचं भाड्याचं टेरेस्ड घर, रांगेत भिंतीला भिंत लागून असलेलं. मुलगी मैत्री तेव्हा दोन महिन्यांची. आईचा व्हिसा रिजेक्ट झालेला. नवरा प्रशील सकाळी सातलाच बर्मिंगहॅमची ट्रेन पकडायचा, मग दिवसभर घरात आम्ही दोघीच.

एका सकाळी उजव्या कुशीवर वळले आणि खोली गरगर फिरली! अर्धं मिनिट, मग शांत. पुन्हा वळले, पुन्हा तेच. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवर समजावलं – कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हलले की असं होतं. फिजिओ ठरावीक रीतीने मान वळवून ते परत जागेवर नेईल. अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी! तोवर काय? वाकून मैत्रीला उचलायचं म्हटलं की आधी कॉटचा कठडा घट्ट धरायचे. पाडली तर? व्हिडिओ बघून स्वतः करावं, तर स्क्रीनकडे बघूनच मळमळायचं.

मंगळवारी अकराच्या सुमारास मैत्री वरच्या खोलीत कॉटमध्ये रडायला लागली. मी वाकले आणि धपकन कार्पेटवर बसले. ती रडतेय, मला उठता येईना. मीही रडले, खरं सांगते.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. उबदार, खरबरीत हात.

"डोळे मिटू नको गं बाई. पड मागे."

मान उजवीकडे... सगळं फिरलं, मी किंचाळले. "होऊ दे. थांबेल." मग मान डावीकडे. मग अख्खी मला डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे. मग बसवलं. फिरणं बंद! वळून बघते तर कुणी नाही. मैत्रीला उचलून खाली गेले. दाराला आतून चेन तशीच होती.

अपॉइंटमेंटच्या दिवशी फिजिओने तपासलं – काहीच नाही. "परत झालं तर हे करा," म्हणून तिने क्रम करून दाखवला. उजवीकडे, डावीकडे, कुशीवर, बसा. त्या मंगळवारचाच क्रम!

"हे माझं झालंय," मी म्हणाले.

"कोणी केलं?"

"आईने."

का तसं बोलले, कुणास ठाऊक. आईला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि आवाजही तिचा नव्हता. प्रशील म्हणतो, घाबरून तूच लोळलीस आणि खडे बसले. असेल बाबा! मला खरंच काही सांगता येत नाही. त्या दिवशी मला कुणाचीतरी फार गरज होती, आणि कुणीतरी आलं.