थोरल्या काकांचं बारीक नाव

माझ्या लग्नाची पत्रिका मीच केली, तीही वेबसाइटवर. पुण्यात मी कंपन्यांच्या वेबसाइट करते, म्हणून घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं, "पोरगी घरचीच हाय, छपाईचा खर्चा कशाला?" फुकटात होतंय म्हटल्यावर आमच्या वाटूरच्या घराचा कंप्युटरवर लगेच विश्वास बसला.

मजकूर थोरल्या काकांनी परतूरहून फोनवर सांगितला. वडील गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच, आणि कन्यादानही तेच करणार होते. सगळ्यात वर त्यांचं नाव, ठळक. खाली आत्या, मग शहागडचे मामा. मी झकास मराठी फाँट लावला, लिंक पाठवली आणि चहा ठेवला. चहाला उकळी येण्याआधी काकांचा फोन.

"माझं नाव बारीक का केलं?"

"ठळकच आहे काका."

"मंग मी आंधळा झालो का? वर नुसतं 'श्री.' लटकून राह्यलं, बाकीचं नाव खाली पडलं. मामाचं बघ, एका ओळीत कसं ऐसपैस बसलंय!"

त्यांच्या जुन्या फोनातल्या ब्राउझरनं माझा फाँट घेतलाच नव्हता. त्यानं स्वतःचाच कुठला तरी मरतुकडा फाँट लावला आणि काकांचं लांबलचक नाव दोन ओळींत मोडलं. मी हे सगळं समजावून सांगितलं.

"बिलकुल पटत न्हाई," काका म्हणाले. "ब्राउझरला बराबर माझंच नाव सापडलं व्हय? तुला मामानंच शिकवलं असंल."

तिकडे मामांच्या महागड्या फोनात पत्रिका देखणी दिसत होती, आणि त्यांनी तसा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. झालं! काका भडकले. काकांचं नाव एका ओळीत बसावं म्हणून मी अक्षरं लहान केली, तर मामांच्या फोनात वेलांट्यांचे शेंडे छाटले गेले. मामा रुसले. वेलांट्या सोडवल्या, तर आत्याच्या फोनात जोडाक्षरं फुटली. आत्या म्हणाली, सासरचे हसून राह्यले. अरे देवा, मी लग्न करत होते की पंचायत भरवत होते?

शेवटी काकांनी निकाल दिला, "कन्यादान मामालाच करू दे. मी न्हाई येत."

आईचा जीव टांगणीला लागला. वडलांच्या जागी उभं राहणारं घराण्यातलं दुसरं होतंच कोण? मलाही रडू आलं, आणि रागही. एका फाँटपायी माणूस लग्न सोडतो?

बस्त्याच्या खरेदीला कसेबसे सगळे वाटूरला जमले. मी तिघांचे फोन खाटेवर मांडले, देखणा फाँट काढून साधासुधा लावला आणि एकेका ब्राउझरच्या नाकदुऱ्या काढत बसले. पत्रिका तिन्हीकडे सारखी दिसायला लागली. काकांनी स्वतःचं आणि मामांचं नाव बोटांनी मापलं. "आता बराबर," म्हणाले आणि परतूरला गेले.

मग आई पदराला हात पुसत आली, स्वतःचा फोन घेऊन.

"माझ्या फोनात अजून गडबड हाय का गं? माझं नाव दिसतच न्हाई."

विधवेचं नाव मंगलकार्यात कशाला, म्हणून काकांनी ते सांगितलंच नव्हतं. आणि इतके दिवस आमची भांडणं ऐकून त्या बाईला वाटलं, दोष फोनाचाच असणार.

"थांब, करते दुरुस्त," मी म्हटलं. तिचं नाव घातलं, ठळक, सगळ्यात वर. आईनं चष्मा लावून वाचलं. "आत्ता दिसलं," म्हणाली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "तुझ्या आईचं नाव माझ्या वर आलंय. माझ्याच फोनात का?"

"नाही काका. सगळ्यांच्या."

"मामाच्याबी?"

"मामांच्याही."

"मंग राहू दे. येतो मी. न्हाई आलो तर मामा अख्ख्या शहागडात सांगत फिरल, थोरला नावापायी रुसला म्हणून."