शक्तिमानचा पंप आणि माउलीची सातवी खेप

खरं सांगायचं तर त्या सकाळी मी माउलीवर जाम चिडलो होतो. एसटीत खिडकीशी बसलेलो, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला लोखंडी पंप, आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. आम्ही राहुरीकडचे ख्रिस्ती, माउली म्हणजे आमची मरियामाता. तिची यात्रा दुसऱ्या दिवसावर आली होती आणि आमची गाडी दारात बोनेट उघडं टाकून उभी होती.

गाडी म्हणजे लष्करातली जुनी शक्तिमान, ट्रकच तो. मी शाळेत असताना पप्पांनी लिलावातून आणलेली. नंतर मम्मीचं मोठं ऑपरेशन झालं, डॉक्टर नीट काही बोलेनात, तेव्हा पप्पांनी दवाखान्याच्या पायरीवर नवस केला होता की ही उठून बसू दे, गावातल्या ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही त्यांना सात वर्षं माझ्या गाडीतून तुझ्या पायाशी आणीन. मम्मी उठली. सहा खेपा झाल्या. ही सातवी, शेवटची, आणि नेमका पप्पांचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणून गाडी मी चालवणार होतो. पण चार दिवस आधी सहज चालवून बघायला काढली तर बोनेटमधून वाफच वाफ! इंजिनात पाणी फिरवणारा पंपच चिरलेला.

मी म्हणालो, "पप्पा, पिकअप सांगू ना भाड्यानं."

"नवस माझ्या गाडीचा हाय," एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग काय, चिरलेला पंप घेऊन मी नगरला. लष्कराचं जुनं सामान ज्या भंगारवाल्यांकडं येतं तिथं सगळीकडं फिरलो. पहिल्याच दिवशी एका चाचांच्या दुकानात गेलो. चाचांनी लाकडी पेटीवर बसवलं, चहा पाजला, पंप उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बेटा, इतकी वर्सं धंद्यात हाय, आसला पंप नाय पाहिला." श्रीरामपूरला तेच. पुण्याला फोन केले तर तेच. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकानं हसायची चित्रं पाठवली. बरोब्बर ह्याच्यासारखा दुसरा पंप कुणाकडंच नव्हता. इकडं म्हाताऱ्यांनी पिशव्या भरून ठेवलेल्या. शेजारची सुशीलाबाई रोज विचारायची, "बाळा, आली का रं गाडी जाग्यावर?" मला तोंड लपवून जावं लागायचं.

म्हणून त्या सकाळी एसटीत मी हात टेकले. भक्तीनं नाही, वैतागून. म्हणालो, आई, मी दमलो. गाडी तुझी, म्हाताऱ्या तुझ्या, आता तूच बघ. मी फक्त जातोय.

पाय आपोआप परत चाचांकडंच वळले. तिथं एक पांढऱ्या मिशांचे काका जॅक बघत उभे होते. ताठ एकदम, बोलण्यावरूनच कळत होतं, फौजी. त्यांनी न विचारता माझ्या हातातला पंप घेतला आणि खो खो हसायलाच लागले.

"आरं, ह्याच्यासारखा दुसरा हुडकतोयस व्हय? जन्म जाईल तुझा. ह्यो शक्तिमानचा न्हाईच! लेथ मशीनवर घडवलाय कुणीतरी. अर्धा ट्रॅक्टरचा, अर्धा देव जाणे कशाचा. मी फौजेत ह्याच गाड्या दुरुस्त केल्या. गाडीत आत पितळी पाटी असती, तिच्यावरचा नंबर सांग."

"पाटीच नाही काका."

"लष्कराच्या गाडीला पाटी न्हाई? डॅशबोर्ड बघ म्हणावं घरी कुणाला तरी."

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला! आम्ही दर यात्रेला गाडी माउलीच्या रंगात, निळी-पांढरी रंगवतो. आतून डॅशबोर्डसुद्धा. बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती रॉकेलचं फडकं आणि चमचा घेऊन केबिनमध्ये चढली.

"दादा, निळा निघाला. आता पांढरा. परत निळा. किती थर दिलेत रे आपण!"

"तूच दिलेत. खरवड गुमान."

"ओरडू नको, नाहीतर उतरते खाली... ए दादा! पितळ! पितळ दिसतंय!"

तिनं एकेक आकडा वाचला, काका तो स्वतःशी पुटपुटत राहिले. मग दुकानभर नजर फिरवत फिरवत ते चाचांसमोर येऊन थांबले. चाचांना म्हणाले, "उठा जरा."

चाचा पेटीवरून उठले. काकांनी बाहीनं धूळ पुसली. पेटीवर फिकट काळ्या अक्षरात कसलेकसले आकडे. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण काकांच्या मिशा हलल्या, "तुझ्याच गाडीचं सामान हाय ह्ये!" पेचकसानं फळी उचकटली. आत तेलकट कागद, त्यात ग्रीस माखलेला कोरा करकरीत पंप, थर्मोस्टॅट, क्लिपा, सगळं! अहो, त्याच पेटीवर बसून पहिल्या दिवशी मी चहा पिलो होतो!

चाचा डोक्याला हात लावून म्हणाले, "या अल्लाह, मी तर बसायलाच ठेवली होती!"

रबरी सील तेवढं वाळलेलं, ते काकांनी शेजारून नवीन जुळवून दिलं. मी चाचांशी बोलून मागं वळतो तर काका जॅक खांद्यावर टाकून रस्त्यापलीकडं गेलेले. नाव विचारायचं राहूनच गेलं. चाचा पण म्हणाले, गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. ह्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. दिवस मावळायच्या आत पंप बसला.

घरी मी नाचत नाचत सगळं सांगत होतो. पप्पांनी मात्र जुना पंप मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाले, "लेथवर मीच करून घेतला हुता. तू नमुना म्हणून त्योच दावत फिरशील, हे ध्यानात आलं न्हाई. पहिल्याच वर्षी. यात्रेला दोन दिवस राहिलेले, कुठं भेटंना. लेथवाला बोलला हुता, एक खेप बी टिकायचा न्हाई."

"मग?"

"मग काय. माउलीला म्हणलं, एवढी खेप निभाव. दर वर्षी त्येच म्हणलं."

मी येडा नवीन पंप सापडला म्हणून चमत्कार चमत्कार ओरडत होतो, आणि चमत्कार तर सहा वर्षं बोनेटखाली गरगर फिरत होता. कुणी बघितलाच नव्हता. माझ्या हातात होता तेव्हासुद्धा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो.

दुसऱ्या दिवशी एकवीस म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघालो. मागं गाणी, शेजारी प्लास्टरचा पाय लांब केलेले पप्पा, आणि तापमानाचा काटा मधोमध, जराही हलला नाही. माउलीच्या पायाशी पोचलो तेव्हा सुशीलाबाईनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मागायला म्हणून मी काहीच नेलं नव्हतं. नुसता उभा राहिलो आणि रडलो.

जुना पंप आता घरात माउलीच्या तसबिरीखाली आहे. पप्पा रविवारी मेणबत्ती लावतात आणि तो फडक्यानं पुसतात.