माझ्या मापाचं नाक

भाच्याचा सापगावहून फोन आला, "मावशी, आई गेली." मी अंगणात पोचले तेव्हा बायका सुमनला, माझ्या धाकट्या बहिणीला, हळद-कुंकू लावत होत्या. आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा? आता हे माझं नाक जाळतील... लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

सुमनच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मुरबाडच्या बाजारातून येताना तिचा टेम्पो उलटला आणि पत्र्याने नाक कापून नेलं. जीव वाचला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कपाळाच्या कातडीचं नवं नाक करू, पण आधीचं कसं होतं? फोटो एकच, लग्नातला, त्यात मुंडावळ्या आणि खाली मान. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला स्टुलावर बसवून, नाकावर पातळ चांदीचा कागद दाबून माप घेतलं आणि तिच्या कपाळावर ते उलटं ठेवून शाईने आखलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! पुढे कित्येक आठवडे तिच्या कपाळापासून नाकापर्यंत कातडीची वळकटी लोंबत होती. ती कुणाला तोंड दाखवेना. मी तिथेच फरशीवर झोपायचे, चमच्याने पेज भरवायचे.

सूज ओसरली आणि बघते तर काय, माझ्या नाकावरचा उंचवटा डॉक्टरांनी गाळला होता. माझंच नाक, सुधारून तिला दिलेलं! लग्नकार्यात बायका मला म्हणायच्या, तुझं नाक थोडं सुमनसारखं आहे गो. थोडं! मोठी मी, आणि नक्कलही मीच ठरले. तिने चारचौघांत एकदा म्हणावं की हे ताईचं आहे, एवढंच मला हवं होतं. ती आपली डॉक्टरांच्या हाताचं कौतुक सांगत बसायची. शेवटी लावणीच्या दिवसांत बांधावर विचारलंच.

"सांगीन ना गो ताई," ती हसत म्हणाली, "पन मग लोक तुझंच नाक निरखून बघतील. चालंल तुला?"

कापणी होईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

बाराव्याला तिची लेक रेखा वडे थापत होती. चुलीचा धूर नाकात गेला असावा. हात पिठाचे, म्हणून तिने मनगट वर नेलं आणि... कपाळ चोळलं. मी बघतच राहिले. नवं नाक कपाळाला जोडलेलं होतं तेव्हा नाकावर माशी बसली तरी सुमनला ती कपाळावर बसल्यासारखी वाटायची. नाकाला खाज सुटली की ती कपाळ चोळायची. पुढे तसं वाटणं गेलं, सवय मात्र राहिली. रेखाला विचारलं, हे काय करतेस?

"काय नाय मावशी, नाक खाजलं."

तिचं नाक बापासारखं, बसकं. माझं होतं ते जळालं आणि सुमनचं जे होतं ते या पोरीने न मागता नेलं. मला काय राहिलं? घरी येऊन दार लावलं आणि मीही कपाळ चोळून बघितलं, पुन्हा पुन्हा. माझी खाज नाकावरच राहिली.